तुम्ही विचारलंत म्हणून: दवाखाना नेमका कशासाठी?

"खरं सांगा, दवाखाना कशासाठी चालवता?" हा प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. सोसायटीतल्या काकू विचारतात तेव्हा सुरात संशय असतो. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, भाऊ विचारतात तेव्हा शब्द तेवढे बदलतात. "सिस्टर, इतकी वर्षं गोळ्या वाटताय, प्रभूत किती जण आले?" गोळी म्हणजे गळाला लावलेलं आमिष, हे दोघांनीही धरूनच चाललेलं असतं. काकूंना आमिष खुपतं, भावांना मासा हवा असतो.

मी निवृत्त नर्स. म्हणून सिस्टर. नन नव्हे, दोन नातवंडं आहेत मला. दर शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये आम्ही बीपी आणि शुगर तपासतो. बीपीच्या पट्ट्याचं वेल्क्रो कधीच गेलंय, फुगवताना दुसऱ्या हाताने तो दाबून धरावा लागतो. रांगेत बहुतेक धुणीभांडी करणाऱ्या बायका. कामाची वेळ गाठायची म्हणून सगळ्या घाईत.

पुण्याला आमच्या पाहुणचाराचा संशय जुनाच आहे म्हणा. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली रानडे, टिळक अशा मंडळींपुढे मिशनऱ्यांचा चहा आला, आणि त्या चहापायी ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, होऊन प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. नुसता चहा! आमच्या तर गोळ्या आहेत.

पण संशयाला काहीच आधार नसतो, असं मी म्हणणार नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंबद्दल मला अपार आदर आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या, रमाबाईंनी स्वतः भाषांतर केलेलं बायबल तिथेच छापलं गेलं. तरीही त्याआधीच्या शारदा सदनाची गोष्ट मला बोचते. हिंदू विधवांच्या त्या शाळेत धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली येऊन बसायच्या. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडं ठेवणं हा रमाबाईंचा हक्कच होता. पण छप्पर जिचं, तिच्याच दारात बसलेली मुलगी किती मोकळी असते? तेव्हा त्यांच्यावर टीका करणाऱ्या टिळकांच्या केसरीची भाषा मला आवडत नाही, प्रश्न मात्र टाकाऊ नव्हता.

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी एक रिक्षावाले बायकोच्या शुगरच्या गोळ्या न्यायला यायचे. मी पाकिटासोबत बायबलमधला नवा करार दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. "रविवारी या," म्हटलं, तर तीन रविवार आले, शेवटच्या बाकावर बसले, गाण्याला टाळ्याही वाजवल्या. मी मंडळीत उभी राहून हे साक्ष म्हणून सांगितलं, लोक "हालेलूया" म्हणाले. पुढे त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात गोळ्या मिळायला लागल्या आणि ते यायचे थांबले. वर्षभराने मंडईत समोर आले. मला पाहिलं आणि पटकन कांद्याच्या ढिगाकडे वळले. माझं देणं बुडवल्यासारखा चेहरा होता त्यांचा. मी आयुष्यात पुष्कळ जखमा बांधल्या, ही मात्र मी केलेली होती.

पुढच्याच शनिवारी टेबलावरच्या, येशूचा संदेश सांगणाऱ्या सुवार्तापत्रिका मी उचलून कपाटात ठेवल्या. त्यावरून बरंच ऐकून घेतलं.

तेव्हा मला जॉन क्लाव आठवायचे. आंध्रातल्या ओंगोलचे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचं कंत्राट घेतलं आणि उपाशी लोकांना मजुरी मिळवून दिली. लोक बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, मागत होते. क्लाव यांनी दुष्काळ सरेपर्यंत तो दिला नाही. मग ३ जुलै १८७८ ला एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या सभांमध्ये हा आकडा फार आवडीने सांगतात, त्याआधीचं थांबणं कुणी सांगत नाही. माणूस पोटभर जेवला की मग त्याला विचारावं. नाहीतर "हो" कोण म्हणतंय, तो की त्याची भूक, हे कळणार कसं?

आमच्या चर्चचे धर्मगुरू, तरुण पाळक, अभ्यासू आहेत. १९७४ च्या लोझान करारात जगभरच्या सुवार्तिक मंडळींनी मान्य केलं की सुवार्ता सांगणं आणि सामाजिक काम ही दोन्ही ख्रिस्ती माणसाची कर्तव्यं आहेत. इतकंच नाही, दोन्हींना परस्परविरोधी मानल्याबद्दल पश्चात्तापही व्यक्त केला. हे पाचवं कलम, माझं लाडकं. पाळक लगेच सहावं काढतात. त्यात सुवार्तेचं काम प्राथमिक म्हटलंय. आमचा वाद दर महिन्याला इथेच येऊन अडतो. मग मी त्यांना आठवण करून देते, की जोतीराव फुले पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ती काही झाले नाहीत, पण १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. त्यांच्या नावापुढे बाप्तिस्म्याचा रकाना रिकामाच. मग ती शाळा वाया गेली का?

आणि काकूंसाठी एवढंच. अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला, तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे त्याचा त्या जातीचा दर्जा जातो आणि त्यासोबत त्या दर्जाचं आरक्षणही. गोळ्यांच्या पाकिटासाठी एवढं कोण सोडेल?

मी विश्वास लपवत नाही. कुणी विचारलं तर येशूबद्दल सांगते, आणि सांगताना माझा आवाज बदलतो असं माझी सून म्हणते. पण विचारायचं त्यांनी.

जूनमधल्या एका शनिवारी एक माळकरी आजी आल्या. पालखी पुण्यात यायला चार दिवस होते. "सिस्टर, या खेपेला जास्तीच्या गोळ्या द्या, वारीला चाललेय." डॉक्टरांनी शुगर पाहिली, नाक मुरडलं, पण गोळ्या लिहिल्या. आजींना वाचता येत नाही, म्हणून मी सकाळच्या पाकिटावर सूर्य काढला, रात्रीच्या पाकिटावर चंद्र. मग त्यांचे तळवे पाहिले. उजव्या टाचेला भेग होती.

"आजी, अनवाणी चालायचं नाही. शुगर आहे, काटा रुतला तरी कळणार नाही. रोज रात्री पाय बघायचे."

"माउलीच्या वाटेवर चपला?"

"चपला नाही, बूट. मोजे घालून."

पाळक मागे उभे राहून ऐकत होते. आजी गेल्यावर म्हणाले, "पंढरपूरला चालल्यात?"

"हो. पायी."

ते काहीच बोलले नाहीत. खाली वाकून त्यांनी बीपीचा पट्टा धरला आणि पुढच्या बाईंना बसायला सांगितलं.