ओपल, पाणी आणि अर्जातला नववा रकाना

रत्नपरीक्षण प्रयोगशाळेच्या अर्जावर नऊ रकाने होते. आठ मी खिडकीपाशी उभ्याउभ्या भरले. नवव्याने माझे तेरा दिवस खाल्ले. ‘खड्याचे वजन (कॅरेट)’ एवढंच लिहिलं होतं, आणि पुढे एक चौकोन.

खडा ओपलचा, मावशीने दिलेल्या अंगठीतला. दुधी अंग, आत हिरव्या-केशरी ठिणग्या. हात हलवला की ठिणग्या जागा बदलायच्या. एका रविवारी अंगठी बोटात तशीच ठेवून मी साबणाच्या पाण्यात कपडे भिजवले, घासले, पिळले. पाऊण तास तरी हात पाण्यात होता. रात्री दिव्याखाली पाहते तर खडा गायब! म्हणजे होता जागच्या जागी, पण त्यातून खालचा सोन्याचा पत्रा आरपार दिसत होता. दुधीपणा गेला, ठिणग्या गेल्या, उरला पाण्याच्या थेंबासारखा एक गोल.

घरात लगेच निदानं सुरू झाली. मामी म्हणाली, काच आहे, तुझ्या मावशीला कुणीतरी फसवलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, ओपल अशुभच असतो, विझला म्हणजे काहीतरी घडणार. मावशीला फोन केला तर ती आधी गप्पच बसली, मग म्हणाली, “मी पारखून घेतला होता गं.” तिच्या त्या आवाजासाठी मी पुढचा सगळा खटाटोप केला. नाहीतर अंगठी डबीत ठेवून विसरून गेले असते.

सोनाराकडचा भाग पटकन झाला. त्याने कोंदणातून खडा सोडवला, भिंग लावलं, “काचच वाटते” म्हणाला आणि काट्यावर ठेवला. ३.१२ कॅरेट. चिठ्ठीवर तेवढं लिहून सही केली. मग “जरा मशीनमध्ये धुऊन बघू” म्हणत तो उठला. कंपनाने दागिने धुणारं ते मशीन तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी साखळ्यांनी भरलेलं होतं, म्हणून खडा वाचला. ओपल कुठल्याही जातीचा असो, त्या मशीनमध्ये घालायचा नाही, वाफेने धुवायचा नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

परत कोंदणात बसवायचा तर आधी प्रयोगशाळेचा दाखला आण, असं त्याचं म्हणणं. उद्या खडा बदलला म्हणून मी त्याच्यावर आळ घेतला तर? त्याचंही बरोबरच होतं.

तर शुक्रवारी मी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत गेले. सहाव्या रकान्यात विचारलं होतं: ‘नैसर्गिक / कृत्रिम / माहीत नाही’. माहीत असतं तर आले असते कशाला? पण ते सोडा. नवव्या रकान्यात मी चिठ्ठीवरून ३.१२ लिहिलं. खिडकीतल्या माणसाने खडा चिमट्याने उचलून काट्यावर ठेवला, आकडे थांबेपर्यंत वाट पाहिली आणि अर्ज माझ्याकडे परत सरकवला. काटा २.९७ दाखवत होता.

“वजन जुळत नाही. खडा बदललाय.”

“अहो, तीन दिवस माझ्या पर्समध्ये आहे.”

“मग चिठ्ठी चुकीची. नवी चिठ्ठी आणा, नवा अर्ज करा.”

तोच आकडा खोडून २.९७ लिहू का, असं मी विचारलं. खाडाखोड चालत नाही. तर मग कोऱ्या अर्जावर २.९७ लिहू? जोडलेल्या चिठ्ठीशी जुळत नाही. चिठ्ठीशिवाय अर्ज देऊ? सुटा खडा चिठ्ठीशिवाय घेत नाहीत. माझ्यामागे रांगेत एक गृहस्थ जांभया देत होते. मी बाजूला झाले.

शनिवारी सोनाराने पुन्हा वजन केलं. २.९५. मला हायसं वाटायला हवं होतं, पण तोच चिडला. आपला काटा चुकत नाही, मंगळवारी ३.१२ होतं म्हणजे होतंच, मध्ये तुम्ही खड्याला काय केलंत? मी काय करणार! रोज डबी उघडून बघत होते इतकंच. त्या बघण्यात मला एक दिसलं होतं, पण कुणाला सांगायची हिंमत नव्हती: खडा आता पूर्वीइतका पारदर्शक राहिला नव्हता. काठाकडून धुकं चढत होतं. शनिवारी तर एका कडेला हिरवी रेघ चमकली आणि गेली.

मला वाटलं, वाळतोय बहुतेक. मग घाई करू या. हेअर ड्रायर हातात घेतला, प्लगही लावला. नवऱ्याने विचारलं, “तडकला तर?” मी ड्रायर बंद केला, पण रागाने. नंतर कळलं की त्या एका प्रश्नाने खडा वाचला. ओपल पाणी धरून असतो आणि ते एकदम उडालं किंवा उष्णता अचानक बदलली तर अंगभर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. त्या भरून येत नाहीत.

सोमवारी नवी चिठ्ठी, नवा अर्ज. नवव्या रकान्यात २.९५. काट्यावर २.८९.

खिडकीतला माणूस या वेळी काही बोललाच नाही. त्याने चिठ्ठी उलटी केली, पाठची बाजू पाहिली, पुन्हा सुलटी केली. मी मात्र बोलले. बरंच बोलले. कागद हातात पडून इथे पोचेपर्यंत शिळा होतो, मी काय काटा गळ्यात बांधून फिरू का, असलं काहीतरी. आवाज चढला असणार, कारण आतल्या दारातून एक परीक्षक बाई बाहेर आल्या. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या आणि काट्यावरचा आकडा पाहिला आणि मला पहिलाच योग्य प्रश्न विचारला: “हा पाण्यात पडला होता का?”

आठ दिवसांत एवढं कुणीही विचारलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, हा हायड्रोफेन ओपल दिसतोय. ओपल म्हणजे सिलिका आणि पाणी. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे ओळीने रचलेले असतात आणि त्या रचनेतून जाताना प्रकाश फुटतो, त्यातून रंगांचा खेळ दिसतो. हायड्रोफेन जातीत गोळ्यांच्या मधल्या फटी एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून तो स्पंजासारखा पाणी ओढतो. फटींत हवेऐवजी पाणी भरलं की प्रकाश वाटेत विखुरला जात नाही, खडा आरपार दिसतो. आणि अर्थातच जड होतो. ३.१२ मधून २.८९ वर आला, अजूनही उतरेल. घरी न्या, उघड्यावर ठेवा, उन्हात नाही, दिव्याखाली नाही. आठ-दहा दिवसांनी लागोपाठ दोन दिवस वजन सारखं आलं की चिठ्ठी घ्या आणि या.

मी विचारलं, हे खिडकीवर लिहून का लावत नाही? त्या नुसत्या हसल्या.

घरी बशीत मऊ कापडावर खडा ठेवला आणि दहा दिवस वाट पाहिली. वाट पाहणं मला जमत नाही, म्हणून वाचत बसले. हायड्रोफेन म्हटलं की आधी इथिओपियाच्या वेलो प्रांताचं नाव येतं. तिथला माल २००८ पासून बाजारात आला. ऑस्ट्रेलियातल्या ओपलांची गोष्ट वेगळी. कूबर पीडीचा पांढरा, लाइटनिंग रिजचा काळा, क्वीन्सलँडचा लोहखनिजाच्या दगडाला चिकटलेला बोल्डर ओपल, हे सहसा पाणी पीत नाहीत. मेक्सिकोचा फायर ओपल नारिंगी-लाल आणि मूळचाच पारदर्शक असतो. रंगांचा खेळ त्यात असेलच असं नाही. म्हणजे सगळ्याच ओपलांना पाण्याची धास्ती बाळगायचं कारण नाही. ‘ओपल पाण्यात किंवा तेलात ठेवावा, नाहीतर तडकतो’ हा सल्लाही मला दोघींनी दिला. तेलाने कुठल्याच ओपलचं भलं होत नाही. हायड्रोफेनमध्ये तर ते आत शिरून बसतं, पाण्यासारखं उडून जात नाही आणि खडा पिवळट पडू शकतो. अत्तर, केसांचा रंग, शाई यांचंही तेच. माझं पाणी साबणाचं होतं, रंगीत नव्हतं, हे नशीब.

काकूंच्या ‘विझला’चं मूळही सापडलं. वॉल्टर स्कॉटच्या १८२९ च्या एका कादंबरीत एका स्त्रीच्या केसांतल्या ओपलवर पवित्र पाण्याचा थेंब पडतो, खडा चमकतो आणि निस्तेज होतो, पुढे तीही उरत नाही. ओपलच्या अपशकुनाचा बराचसा दोष लोक या गोष्टीवर टाकतात. मला वाचताना एवढंच सुचलं, की त्या बाईंचा खडा हायड्रोफेन असणार, बशीत ठेवला असता तर परत आला असता! त्याआधी दीड-दोन हजार वर्षं ओपलचा मान मोठा होता. प्राचीन रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की यात माणकाची आग, ॲमेथिस्टचा जांभळा आणि पाचूचा हिरवा एकत्र नांदतात. त्यानेच नोनियस नावाच्या सिनेटरची गोष्ट सांगितली आहे: रोमचा सेनापती मार्क अँटनी याला नोनियसच्या अंगठीतला ओपल हवा होता, नोनियसने हद्दपारी पत्करली पण अंगठी दिली नाही. राणी व्हिक्टोरियाने तर आपल्या मुलींना ओपल दिले. काकूंना मी नोनियस सांगितला. त्या म्हणाल्या, बघ, शेवटी घर सुटलंच ना त्याचं.

आठव्या दिवशी खडा पूर्ण दुधी झाला आणि ठिणग्या परतल्या. केशरी आधी की हिरव्या, हे मी पाहायचं ठरवलं होतं, पण सकाळी उठले तर दोन्ही हजर. बुधवारी २.८६, गुरुवारी २.८६. म्हणजे ०.२६ कॅरेट पाणी, ५२ मिलिग्रॅम. एवढ्याशा पाण्यासाठी दोन अर्ज बाद.

गुरुवारी अर्ज स्वीकारला गेला. अर्जाखाली ‘विशेष सूचना’ म्हणून एक ओळ असते, तिथे मी लिहिलं: खडा पाण्यात किंवा कुठल्याही द्रवात बुडवू नये. घनता मोजायला खडा पाण्यात बुडवून वजन करायची पद्धत आहे म्हणून. बाईंना सांगायची गरज नव्हती, पण खिडकीवरचा अनुभव ताजा होता.

हो, आणि एक आधीच सांगायला हवं होतं: खडा सुटा करूनच न्या. बंद कोंदणात डबलेट-ट्रिपलेट ओळखू येत नाहीत. डबलेट म्हणजे ओपलची पातळ चकती काळ्या दगडावर चिकटवलेली. ट्रिपलेटला वरून क्वार्ट्झ किंवा काचेचा घुमटही असतो. सुटा खडा बाजूने धरला की डिंकाची सरळ रेघ दिसते. हे मात्र पाण्यात ठेवले तर खरोखर कामातून जातात, कारण पाणी डिंकात शिरतं आणि खडा ढगाळ होतो. कृत्रिम ओपलचे रंगाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली सरड्याच्या कातडीसारखे दिसतात. माझ्या खड्यात यातलं काही निघालं नाही. धुरी देऊन काळा केलेला नाही, रंगवलेला नाही. दाखल्यावर आलं: नैसर्गिक ओपल, हायड्रोफेन.

मावशीला फोटो पाठवला. तिने तो मामीला पाठवला, वर काहीही न लिहिता.

आता अंगठी काम करताना काढते, पुसायला नुसतं मऊ कापड, आणि वेगळ्या पिशवीत ठेवते. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या एक ते दहाच्या मापावर (मोह्स) ओपल साडेपाच ते साडेसहा, घरातल्या धुळीत सातचे क्वार्ट्झचे कण असतात; कोरड्या धुळीवर दाबून पुसलं तरी ओरखडे येतात.

दाखला घ्यायला गेले त्या दिवशी बाहेर धो धो पाऊस होता. खिडकीत तोच माणूस. परत देताना वजन करून सही घ्यायचा नियम आहे, म्हणाला, आणि खडा काट्यावर ठेवला. २.८७. त्याने आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो काही बोलायच्या आत मी सही केली.