हे गाव मूळचं कुणाचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना मी होलाशोवित्सेला नेते, आणि तळ्याभोवती एक चक्कर झाली की हा प्रश्न येतोच: ‘इथले मूळचे लोक कोण?’ घरं इतकी जुनी आणि जपलेली दिसतात, की पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यात नांदत असतील असं कुणालाही वाटावं. तसं ते नाही.

गाव चेक प्रजासत्ताकातल्या दक्षिण बोहेमिया या भागात, चेस्के बुद्येयोवित्से शहराच्या पश्चिमेला. गाडीनं अर्धा तास पुरतो. सगळा मुलूख सपाट, पाणथळ, जिथे तिथे मासळीची तळी. दक्षिणेला मात्र ब्लान्स्की लेसचे जंगलाचे डोंगर उभे. गावाच्या मधोमध सुमारे 210 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद हिरवळ, तिच्यात छोटं तळं, 1755 सालचं संत यान नेपोमुत्स्कीचं बुटकं चॅपेल आणि लोहाराचं दुकान. हिरवळीच्या कडेनं तेवीस वाडे, सगळे तिच्याकडे तोंड करून.

गावाचा पहिला उल्लेख तेराव्या शतकातला. 1292 मध्ये राजा दुसरा वात्स्लाव यानं ते व्हिश्शी ब्रोद इथल्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठाला देऊन टाकलं, आणि 1848 पर्यंत शेतकरी मठाचेच कूळ राहिले. मधल्या काळात, 1520 ते 1525 दरम्यान, प्लेग आला. असं सांगतात की गावात फक्त दोन माणसं वाचली. रिकामी जमीन मठाला परवडणारी नव्हती. सारा कोण भरणार? मग बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून कुटुंबं आणून वसवली. ती जर्मन बोलणारी. चेक गाव अशा रीतीनं जर्मन झालं, आणि इतकं झालं की 1895 च्या नोंदीत 157 जर्मन आणि फक्त 19 चेक.

आज ज्या घरांचे फोटो काढायला लोक येतात, ती बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. 1848 मध्ये वेठबिगार गेली, हातात पैसा आला, आणि शेतकऱ्यांनी गवंड्यांना हाताशी धरून घरांच्या दर्शनी भागावर मठांच्या नि हवेल्यांच्या नकला चढवल्या: वळणदार माथे (छपराच्या तोंडाशी उभ्या भिंतीचा वरचा भाग), गिलाव्यातल्या वेलबुट्ट्या, वर बांधकामाचं साल. बरोक म्हणतात ती ही नक्षीदार, भपकेबाज शैली सरदारांच्या घरातून जाऊन शंभर वर्षं उलटली होती. उशिरा आलेली हौस म्हणा, पण मला ती सरदारांच्या मूळ वास्तूंपेक्षा आवडते. रंग बिनधास्त आहेत.

एक वाडा नीट बघा. रस्त्याकडे दोन माथे, मधे कमानीचं फाटक. एका बाजूला राहतं घर, दुसऱ्या बाजूला धान्याचं कोठार किंवा म्हाताऱ्यांचं घर, मागे आडवं खळ्याचं कोठार, मधे अंगण. म्हाताऱ्यांचं घर ही इकडची जुनी रीत. शेती सहसा एकाच मुलाकडे जायची, बाकीच्यांना रोख वाटा. आई-बाप समोरच्या छोट्या घरात जायचे, आणि मुलानं त्यांना दूध किती, अंडी किती, धान्य नि सरपण किती द्यायचं, हे रीतसर करारात लिहिलं जायचं. हे ऐकून आमच्या एका मावशी म्हणाल्या, ‘बरंय की, तोंडानं मागायला नको.’ जमिनीचे तुकडे न पडण्याचं कारणही हेच. आपल्याकडे बांधावरून कोर्ट गाठणाऱ्यांना हे पचायला जरा जड जातं.

मग दुसरं महायुद्ध. ते संपल्यावर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मन भाषकांना हाकललं गेलं, त्यात या गावचेही आले. हिटलरशाहीनं चेकांचे हाल केले होते हे खरं, पण प्लेगनंतर येऊन चार शतकं नांगर धरलेल्यांना परके ठरवायचं का, यावर इथे आजही कुणी मोकळेपणानं बोलत नाही. वाडे ओस पडले. पुढे कम्युनिस्ट राजवटीत शेती सामुदायिक झाली, देशभर बांध मोडले गेले, आणि या गावात नवं बांधायला कुणाला ना पैसा होता ना कारण. जुनं पाडायलाही कुणी आलं नाही. 1990 नंतर डागडुजी झाली, लोक राहायला आले, आणि 1998 मध्ये गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

तेव्हा मूळचं कुणाचं म्हणाल तर आधी चेकांचं, मग जर्मनांचं, आता पुन्हा चेकांचं, आणि सगळ्यात जास्त काळ मठाचं. बदलला नाही तो फक्त आराखडा. मध्ययुगात हिरवळीभोवती आखलेले भूखंड आजही तसेच आहेत. बोहेमियात तर जुनी पद्धत अशी, की घराला एक नाव पडलं की नवा राहणाराही गावात त्याच नावानं ओळखला जायचा, त्याचं आडनाव काहीही असो.

आजच्या घडीला गावात दीडशेच्या आसपास माणसं. ती खरोखर तिथे राहतात, तेव्हा फाटक उघडं दिसलं म्हणून आत शिरू नका. पाहुण्यांना हे दर वेळी सांगावं लागतं. जुलैमध्ये शेतकऱ्यांचा उत्सव भरतो, कारागीर दुकानं मांडतात, तुफान गर्दी उसळते. विकत घ्यायचं असेल तर तेव्हा जा. घरं बघायची असतील तर सप्टेंबरात, आणि तेही सकाळी, बसगाड्या यायच्या आत.