पाणी कुठवर आलं?

पौष लागला की सांगलीतली मंगल कार्यालयं ओस पडतात. मुहूर्त नसतात, भाडं खाली येतं, आणि एरवी आमचं ऐकूनही न घेणारे मॅनेजर "दोन दिवस पायजे? घ्या की," म्हणतात. संक्रांतीच्या आधीच्या शनिवार-रविवारी विश्रामबागेतल्या एका कार्यालयाचा वरचा हॉल आम्ही असाच पदरात पाडून घेतला. पंगतीची लांब टेबलं तिथलीच होती. त्यांच्यावर आम्ही परग्रह मांडले.

खाली वॉचमन काकांनी विचारलं, "मुलीकडचे का मुलाकडचे?" भाच्याच्या दोन्ही हातांत खोकी होती. तो म्हणाला, "काका, खेळायला आलोय." काकांनी माझ्या केसांकडं बघितलं. माझं वय एक्केचाळीस आहे आणि मी गणपती पेठेत हळदीच्या एका पेढीवर हिशेब लिहिते, हे त्यांना केसांवरूनच कळलं असावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २८ मिलिमीटरच्या आसपास उंचीचे सैनिक, यंत्रमानव, रणगाडे स्वतः जोडायचे, रंगवायचे आणि टेबलावर लढवायचे. बुद्धिबळासारखी घरं आखलेली नसतात. टेप लावून इंच मोजायचे, आड भिंत येते का ते वाकून बघायचं, मग फासे टाकायचे. एच. जी. वेल्सनं असले नियम १९१३ सालीच पुस्तकात छापले होते, तेव्हा हे पोरखेळ आहेत म्हणणाऱ्यांना मी त्याच्याकडं पाठवते. अंतराळातल्या लढायांमध्ये सगळ्यात नावाजलेला खेळ वॉरहॅमर ४०,०००. तो १९८७ पासून चालत आलाय. पण त्याची अख्खी फौज विकत घेणं पेढीवरच्या पगारात बसत नाही. म्हणून आम्ही 'वन पेज रूल्स'चे फुकट मिळणारे नियम वापरतो. त्याला सैनिक कुठलेही चालतात.

आमचे सैनिक भाच्याच्या रेझिन प्रिंटरमधून, म्हणजे पातळ रेझिनपासून थर थर चढवत बाहुली घडवणाऱ्या यंत्रातून निघतात. लॉकडाऊनमध्ये त्यानं तो प्रिंटर घेतला आणि वास सहन होईना म्हणून बहिणीनं यंत्रासकट त्याला माझ्याकडं सांगलीवाडीत पाठवला. हातमोजे घालायचे, खिडकी उघडी ठेवायची, निघालेली बाहुली अल्कोहोलमध्ये धुवायची, मग अतिनील दिव्याखाली कडक करायची. हे सगळं त्याचं काम. रंगवायचं मात्र मी. खतावणीच्या बारीक रकान्यांत आकडे बसवून हात स्थिर झालाय, तो इथं कामाला आला. डोळा रंगवताना मी श्वास धरते. पातळ केलेला काळपट रंग चिलखतावर सोडला की तो आपोआप खाचांत जाऊन बसतो आणि सपाट बाहुलीला एकदम अंग येतं. तो क्षण मला लढाईपेक्षा जास्त आवडतो. माझी फौज राजापुरी हळदीच्या रंगाची आहे. दुसरा रंग सुचलाच नाही.

तर शनिवारी तेवीस जण जमले. मिरज, इस्लामपूर, कोल्हापूर, आणि पुण्याचे दोघं भाऊ, त्यांच्या बॅगांना आतून सैनिकांच्या मापाचे स्पंजाचे कप्पे. कोल्हापूरचे एक दंतवैद्य आहेत. ते दातांची हत्यारं घेऊन येतात आणि बाहुलीवर उमटलेली साच्याच्या जोडाची रेघ अशी खरवडतात की बाकीचे आपापली कामं सोडून बघत बसतात. मला म्हणाले, "ताई, हे पेशंट बरे. तोंड मिटत नाहीत."

पहिला दिवस गॅसलँड्सचा. यात दुकानात मिळणाऱ्या हॉट व्हील्सच्या खेळण्यातल्या गाड्यांना बंदुका चिकटवून शर्यत लावायची. वरच्या गिअरमध्ये गेलं की जास्त वेळा चाल मिळते, पण गाडी हाताबाहेर जायची भीतीही वाढत जाते. धोक्याच्या सहा खुणा साठल्या की गाडी गरकन फिरते, आणि तिचं तोंड कुठं करायचं ते समोरचा ठरवतो. इस्लामपूरच्या मास्तरांचा मुलगा, इयत्ता पाचवी, सुरुवातीपासून वरच्या गिअरवर होता. तीनदा आपटला आणि तरी पहिला आला. बाप दुसऱ्या गिअरमध्ये सगळे नियम पाळत शेवटून दुसरा. घरी जाताना गाडी कोण चालवणार यावर त्या दोघांचं बराच वेळ चाललं होतं.

एक नियम आमचा स्वतःचा: टेबलाजवळ भडंग आणायचं नाही. गेल्या खेपेला एका रणगाड्याच्या बुरुजात शेंगदाणा अडकला होता आणि तेलाचा डाग वार्निशखाली कायमचा बसला.

रविवारचं टेबल माझं होतं. महिनाभर खपले त्याच्यावर. मांडणी अशी: नदीकाठची एक वसाहत, तीन मजली इमारती, मधे एक पूल, कडेला जमिनीत गोल तोंडाची भुयारं. पोरांनी ग्रहाचं नाव ठेवलं वारणा प्राइम. भुयारं मी हरिपूरच्या पेवांवरून केली. वर माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड आणि खाली मोठं पोट. आपल्याकडं हळद अशाच जमिनीखालच्या पेवांत ठेवत आले. पहिलं पेव मी टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचं केलं. २०१८ च्या बंदीनंतर बाजारात दिसत नाही म्हणून जपून ठेवलेला तुकडा होता. त्यावर डब्यातला स्प्रे मारला आणि डोळ्यांदेखत ते आत ओढलं गेलं, बर्फाचा गोळा चोखावा तसं. स्प्रेमधलं द्रावक थर्माकोल खातं हे मला माहीत होतं. आधी फेविकॉलचा हात द्यायचा असतो हेही माहीत होतं. घाई झाली. मग सगळी पेवं पुठ्ठ्याची केली.

टेबलाच्या मधोमध, पुलाच्या खांबाला, फुटांच्या खुणा असलेली एक पट्टी. सुरुवात चाळीसवर. प्रत्येक फेरीच्या आधी एक फासा टाकायचा, जेवढे पडतील तेवढे फूट पाणी चढणार. पंचेचाळीसला तळमजला जातो, पन्नासला पहिला मजला, सत्तावन्नला फक्त गच्ची उरते. खेळ चार फेऱ्यांचा, शेवटी ज्याच्या ताब्यात जास्त ठाणी तो जिंकला. भाच्यानं पाण्यासाठी निळा कागद आणला होता. मी म्हटलं, "पुराचं पाणी निळं कधी बघितलंस रे?" "मावशी, परग्रह आहे." "असू दे." शेवटी चहाच्या रंगाचं प्लास्टिक लावलं.

सांगलीकराला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी चाळीस फुटांवर म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांत कुणी कुणाला बरं आहे का विचारत नव्हतं. किती फूट, एवढंच. आमचा तळमजला गेला. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा मी सगळ्यात आधी सैनिकांची खोकी माडीवर नेली आणि आई जिन्यात उभी राहून ओरडली, "आधी धान्य ने गं, बाहुल्या कसल्या नेतीस!"

मी आणि मास्तर एका बाजूला, पुण्याचे भाऊ समोर. या नियमांत एक तुकडी माझी, एक तुझी अशी चाल होते, त्यामुळं समोरच्याचं मन लगेच दिसतं. पहिल्या फेरीचा फासा: दोन. बेचाळीस. पुणेकरांनी दोन तुकड्या तळमजल्यावरच्या ठाण्यावर बसवल्या. "अजून तीन फूट आहेत," धाकटा म्हणाला. मास्तरांनी आणि मी, एकमेकांशी न बोलता, पहिल्याच चालीत सगळं वर चढवलं. गोळीबार सोडून जिन्यांवरच सहा-सहा इंच खर्च केले. नंतर दंतवैद्यांनी दुसऱ्यांबरोबर तोच डाव खेळला तेव्हा त्यांनीही वरच नेलं. पंचगंगेच्या काठची माणसं. थोरला भाऊ मला म्हणाला, "तुम्ही आकड्यांच्या शक्यता वगैरे मोजता का?" मला त्याला काय सांगावं कळेना.

आता माझी गोष्ट. दबा धरून बसणारी माझी एक तुकडी होती, नायक आणि पाच जण. अशी तुकडी पहिल्या फेरीनंतर शत्रूपासून नऊ इंचांहून लांब कुठंही बाहेर काढता येते. मी आमच्या टेबलापुरता नियम केला होता की ती पेवातूनच निघणार आणि पंचेचाळीसच्या वर पेव बुडणार. माझाच नियम, माझ्याच अक्षरात. तुकडी तिसऱ्या फेरीत काढायची, समोरचे थकल्यावर, असा माझा बेत.

दुसऱ्या फेरीचा फासा: सहा. अठ्ठेचाळीस.

मास्तर म्हणाले, "अलमट्टीनं अडवलं वाटतं." अलमट्टी म्हणजे कृष्णेवरचं खाली कर्नाटकातलं धरण, पूर आला की आमच्याकडं आधी त्याच्यावर बोट जातं. हॉलमधला अर्धा भाग हसला, पुणेकर नाही. त्यांच्या तळमजल्यावरच्या दोन्ही तुकड्या गेल्या. माझी पेवातली गेली. वॉचमन काका कधी वर येऊन मागं उभे राहिले होते कोण जाणे. ते म्हणाले, "बाई, हळदीत काम करताय न्हवं? पाच साली हरिपूरच्या पेवांचं काय झालं म्हाईत नाही व्हय?"

म्हाईत आहे की. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं हे मी पेढीवर किती वेळा ऐकलंय. आणि तरी राजापुरी रंगाचे माझे सगळ्यात नीट रंगवलेले सहा जण मीच तिथं खाली ठेवले होते. त्यातल्या नायकाच्या एका डोळ्यावर माझी अख्खी संध्याकाळ गेली होती.

पुढचे फासे पाच आणि एक. चोपन्न. पुणेकरांकडं उडणारी एक तुकडी शिल्लक होती. ती शेवटच्या फेरीत पुलावर उतरली आणि ते दोन ठाणी विरुद्ध एक असे जिंकले. पाण्यातलं काही कळत नसताना जिंकले, हे मी इथं नोंदवून ठेवते.

काकांनी नंतर पट्टी हातात घेऊन खुणा बघितल्या. अंतर सारखं नाही म्हणाले. खरं होतं. पन्नासच्या पुढं मी घाईत जवळजवळ रेघा मारल्या होत्या. त्यांनी माझं पेन मागून घेतलं आणि पंगतीच्या टेबलावर बसून सगळ्या नव्यानं आखल्या.

आवराआवर होईस्तोवर रात्रीचे नऊ वाजले. भाचा स्कूटर चालवत होता, मी मागं, मांडीवर खोकं, खोक्यात बुडालेले सहा. आयर्विन पुलावर गार वारा होता. जानेवारीत नदी कुठं तरी खोल, गप्प. तरी माझी मान वळलीच.

"किती आहे गं मावशी?"

"अंधारात दिसत नाही. समोर बघून चालव."