समेवर हात न टाकण्याचा सराव

मृग

कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच क्युबन ढोल, आणि पाऊस एकाच दिवशी घरी आले. मुंबईहून रेल्वेने कुडाळ, तिथून टेम्पोने मालवणजवळच्या आमच्या वाडीत. गोणपाट सोडलं तेव्हाच कातडं ओलसर लागत होतं. तोंड पावणेबारा इंचांचं, म्हणजे तिघा भावंडांतला हा मधला. धाकटा किंतो, थोरला तुंबा. कृत्रिम पडदा मिळत होता, पण मी हट्टाने खरं कातडं घेतलं.

जे पहिल्यांदा वाचतायत त्यांच्यासाठी: मी भाषांतरकार. सहा वर्षं कोलंबियातल्या काली शहरात राहते, स्पॅनिशमधून इंग्रजीत कंत्राटं आणि औषधांची माहितीपत्रकं करते. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली म्हणून यंदा चार महिने गावी आहे. काली आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. मी संध्याकाळी साडेसातला कामाला बसते तेव्हा तिथे सकाळचे नऊ वाजलेले असतात. दुपार माझी.

कालीत मी कधी चामड्याला हात लावला नाही. तिथे ऐकणारेच इतके तयारीचे असतात! साल्सा लावणाऱ्या बारमध्ये माणसं घरून घंटा नि माराका (खुळखुळे) घेऊन येतात, रेकॉर्डबरोबर वाजवतात, आणि चुकीच्या जागी पडलेला ठोका शेजारच्या टेबलाला कळतो. १९६०च्या दशकात या शहराने ३३च्या वेगाच्या तबकड्या ४५वर लावून नाच केला. तिथली पावलं अजून तशीच झरझर पडतात. वाजवावंसं तिथे वाटलं, धीर मात्र घरच्या पडवीत आला.

आता कातड्याचं, कारण कोकणात वाजवणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागणार. मृगात रोज सकाळी आवाज बसलेला. मी पान्याने नट आवळत गेले, आवळत गेले. मग एके दुपारी दोन तास कडक ऊन पडलं, कातडं आपसूक ताणलं गेलं आणि कडेला केसाएवढी चीर दिसली. तेव्हापासून सराव संपला की प्रत्येक नट एक फेरा सैल करते, आणि वाजवण्याआधी अर्धा तास कोंग्याजवळ साठचा पिवळा बल्ब लावून ठेवते. क्युबात पूर्वी कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असायचं. ते चढवायला जाळावर शेकत. शिमग्यात आपले ढोल शेकोटीवर धरतात तेच. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट, आणि चीर पडेपर्यंत आठवली नाही.

आर्द्रा, पुनर्वसू

या महिन्यात खरं शिकणं झालं.

कोंग्याची मूळ चाल आठ घावांची: टाच (तळहाताची), बोटं, चापट, बोटं, टाच, बोटं, खुली, खुली. मी हाताला हेच बोल शिकवले. हात आठवड्यात बसला. पण रेकॉर्ड लावली की चौथ्या आवर्तनाला मी निसटायची. खूप दिवस वाटलं, वेग कमी पडतोय. वेग ठीक होता. माझा कान समेची वाट बघत होता.

आरतीपासून भजनापर्यंत आपण समेवर येऊन पडतो, सगळे मिळून, जोराने. साल्सात पहिल्या मात्रेवर जवळजवळ कुणीच नसतं. कोंग्याचे दोन खुले घाव चौथ्या मात्रेवर आणि तिच्या मागच्या अर्ध्यावर, म्हणजे सम यायच्या आधीच. बास, म्हणजे खर्जाचं तंतुवाद्य, दुसरीनंतरच्या अर्ध्यावर आणि चौथीवर वाजतो. पहिली मात्रा तो मोकळी सोडतो. पाय टाकायला गेलं की पायरीच नाही. मी ती पायरी स्वतःच्या टाचेने भरून काढत होते, टाचेचा दबका घाव जोरात हाणत होते आणि त्या नादात पुढचं सगळं लवकर येत होतं.

शेजारचे काका डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, पखवाज वाजवायचे. आता बोटं वाकलीत, कान तसाच आहे. त्यांना १९७१च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या चीता क्लबात झालेल्या फानिया ऑल-स्टार्स या साल्साच्या वाद्यवृंदाच्या मैफलीचं रेकॉर्डिंग ऐकवलं. कोंग्यावर रे बारेत्तो, बासवर बॉबी व्हॅलेंटिन. काका मांडीवर बोटं टेकवून बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “ह्येंची सम खंय आसा?”

मी क्लावे समजावलं, म्हणजे ज्या पाच टाळ्यांच्या ठेक्यावर सगळं साल्सा उभं असतं तो. सोळा भाग धरायचे, टाळी १, ४, ७, ११, १३ वर. पहिल्या आठांत तीन, दुसऱ्या आठांत दोन. गाण्याप्रमाणे दोन आधी आणि तीन मागाहून असंही येतं. त्रितालही सोळाचाच, पण तिथे घर चार समान खोल्यांचं. काकांनी दोनदा टाळी दिली, तिसऱ्यांदा बरोबर आली. मग मला म्हणाले, “आधी तोंडान म्हण, मगे हात लाय.”

बारा दिवस कोंगा झाकून ठेवला. तोंडाने बोल, हाताने क्लावेची टाळी, पायाने १, ५, ९, १३. अंगणातून विहिरीपर्यंत चालत, छत्री काखेत. आठव्या दिवशी भात लावणाऱ्या बायका बघत असताना पहिल्यांदा पाय आपोआप पडत राहिला आणि टाळी सुटी झाली. तेराव्या दिवशी कोंग्यावर बसले तेव्हा टाच हलकी पडली. पहिली मात्रा रिकामी होती आणि मी तिथे नव्हते. अंगावर काटा आला.

एक शब्दाची गोष्ट, कारण तो माझा धंदा आहे. या चालीला तुंबाओ म्हणतात. बाईच्या चालण्यातल्या झोकालाही तुंबाओच. इंग्रजीत मला याला कधी एक शब्द सापडला नाही. मराठीत गाण्यालाही चाल असते आणि माणसालाही. सहा वर्षं तो शब्द माझ्याजवळ होता.

पुष्य

जूनमध्ये मेट्रोनोमवर (ठेका धरणारं यंत्र) मिनिटाला १२० ठोक्यांना अडखळत होते. आज १६८ ला अकरा मिनिटं, न निसटता. डावा हात अजून कच्चा. चापटीचा आवाज दहातून चारदा फुटतो, बाकी वेळा नुसता बद्द. तीन-दोन पक्कं आहे, दोन-तीनमध्ये गाणं मधूनच पकडायचं झालं तर अजून चाचपडते.

काकांबरोबर रोज संध्याकाळी एक रेकॉर्ड ऐकणं चालू आहे. काल त्यांनीच दाखवलं की भजनात कोरस बुवांचीच ओळ उचलतो, इथे कोरस आपली ओळ सोडत नाही आणि मुख्य गायकाला दर खेपेला नवं काहीतरी आणावं लागतं. त्यांना हे बुवांवर अन्याय वाटतं. मला अजिबात नाही. मला साल्सातला सगळ्यात जिवंत भाग तोच वाटतो. यावर आमचं मिटलेलं नाही.

पुढचं: डाव्या हाताची चापट, रोज वीस मिनिटं फक्त तीच. चतुर्थीच्या भजनाला काकांनी मला झांज दिली आहे, कोंगा घरीच. आणि चीर अर्ध्या इंचाने वाढली आहे. दमट हवेत कुणी म्हशीचं कातडं चढवून पाहिलं असेल तर जाडी किती घेतली आणि भिजवलं किती वेळ, तेवढं नक्की सांगा.