मोजून मापून

निवृत्त झाल्यावर "आता काय करणार?" असं कुणी विचारलं की मी "आराम" असं उत्तर द्यायचे. तो आराम फार टिकला नाही. जन्मभर हिशेब विभागात आकडे जुळवलेल्या माणसाला रिकामी सकाळ खायला उठते. टाकून दिलेल्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात मी गेले ती एका मैत्रिणीला सोबत म्हणून. तिचा उत्साह लवकर मावळला, मी मात्र राहिले. कुत्र्यांची मला फार आवड होती अशातला भाग नाही. तिथलं रजिस्टर पाहून राहवलं नाही, एवढंच! वजनाच्या रकान्यात लसीची तारीख आणि लसीच्या रकान्यात कुणाचा तरी फोन नंबर.

त्या दिवशी फाटकाला एक लॅब्रॅडॉर बांधलेला होता. फासळ्या लांबूनही दिसत होत्या, कमरेची हाडं वर आलेली, पाठीचा कणा बोटाखाली मण्यामण्याने लागत होता. तरी शेपूट हलत होतं. काट्यावर १८ किलो भरला. या जातीचा वाढलेला नर साधारण ३० किलोच्या आसपास असतो. अंग गार, थर्मामीटर ३७.२ सेल्सियस दाखवत होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९, म्हणजे आपल्याला जो ताप वाटेल ते त्याचं साधं तापमान. डॉक्टरांनी दात बघून सात-आठ वर्षांचा असावा म्हटलं.

तेवढ्यात आमच्याकडे मदतीला येणारा एक मुलगा भलंमोठं भांडं काठोकाठ भरून घेऊन आला. डॉक्टर तिथूनच ओरडल्या, "काकू, ते भांडं आधी लांब न्या!"

"अहो, उपाशी आहे तो!" मुलगा रडवेला झाला.

उपाशी होता म्हणूनच ते भांडं धोक्याचं होतं. बरेच दिवस अन्न नसलं की शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून भागवतं. एकदम भरपूर खाणं पोटात गेलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. रक्तातली पातळी कोसळते, हृदयाचे ठोके चुकतात. भुकेतून तगलेला जीव खायला मिळाल्यावर जातो. हे मला त्या वयात पहिल्यांदा कळलं, आणि खरं सांगायचं तर बराच वेळ पटलं नाही.

डॉक्टरांनी रक्त काढलं, बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं आणि मला सूत्र सांगितलं: वजनाचा ०.७५ घात, गुणिले ७०. आले ६१२ किलोकॅलरी, म्हणजे नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. पहिल्या दिवशी त्याच्या फक्त पाव, १५३. डब्यातल्या मऊ खाद्यावर ग्रॅमला एक किलोकॅलरी छापलं होतं, त्यामुळे हिशेब सोपा झाला. दर चार तासांनी २५ ग्रॅम. तेवढं खाणं भांड्याच्या तळाशी दिसतसुद्धा नव्हतं. तो दोन घासांत ते संपवायचा, भांडं चाटून चकचकीत करायचा आणि माझ्याकडे बघायचा. त्या नजरेपुढे मोजमाप पाळणं हे माझ्या नोकरीतल्या कुठल्याही ऑडिटपेक्षा अवघड होतं.

दुपारी मानेवर स्कॅनर फिरवला तर बीप वाजला. कातडीखाली बसवलेली, पंधरा अंकी ओळख-क्रमांकाची चिप निघाली. त्या क्रमांकापुढे नोंदलेल्या मालकाचा फोन लागलासुद्धा. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, "तो आम्ही केव्हाच देऊन टाकला." कुणाला, ते आठवत नव्हतं. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं, पण त्याचा कुत्र्याला उपयोग नव्हता. लसी कधी दिल्या, कुठलं औषध बाधतं का, आधी काही आजार होता का, हे विचारून लिहून घेतलं. मग त्यांनी फोन ठेवला.

रात्रीचं खाणं कोण देणार असा प्रश्न आला तेव्हा मी घरी कळवलं की आज येत नाही. "नोकरीत असताना कधी रात्रपाळी केली नाहीस ती!" असं ऐकावं लागलं. मध्यरात्रीनंतरचं ताट देताना त्याचे कान चाचपले, सकाळपेक्षा गरम लागले. थर्मामीटर लावला, ३८.१. रजिस्टरमध्ये वेळेसकट नोंदवलं.

सकाळी पुन्हा रक्त तपासलं. फॉस्फरस किंचित उतरला होता, पण मर्यादेत. डॉक्टरांनी पावाऐवजी एक तृतीयांशाला परवानगी दिली: २०४, म्हणजे प्रत्येक वेळी ३४ ग्रॅम. कालचाच मुलगा वाढायला बसला. त्याने चमच्याने खाद्य काट्यावरच्या भांड्यात टाकलं, आकडा ४० वर गेला, आणि त्याने हळूच माझ्याकडे पाहिलं.

"सहा काढ," मी म्हटलं.

पुटपुटत का होईना, काढले त्याने.