चादरीआडची फुगडी

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, वर्गात मराठी आणि भांडताना दोन्ही. त्या दिवशी सूर्यमालेला पोरं कंटाळली होती, म्हणून मी बिभा आणि संतमस यांचा विषय काढला.

बिभा हा षडंश तारकासमूहातला तारा, ताऱ्यांच्या यादीतला क्रमांक एचडी ८६०८१. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अंतर सुमारे ३४० प्रकाशवर्षं. म्हणजे आज पोचणारा प्रकाश तिथून निघाला तेव्हा औरंगजेब विजापूरच्या स्वारीसाठी सोलापुरात तळ देऊन होता. संतमस हा त्याचा ग्रह, तो तर दुर्बिणीतूनही दिसत नाही. गुरूच्या दीडपट वस्तुमानाचा, आणि त्याचं वर्ष जेमतेम ५१ तासांचं. ही नावं २०१९ साली भारतातल्या लोकांच्या मतदानातून ठरली. ताऱ्याला वैश्विक किरणांच्या अभ्यासक बिभा चौधुरी यांचं नाव मिळालं; ग्रहाचं नाव पुण्याच्या तेरा वर्षांच्या मुलानं सुचवलेलं. ‘पुण्याचंच का घेतलं?’ हे आलंच.

मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘मॅडम, ग्रह दिसत नाय म्हणता, अन् वर्ष किती तासाचं ते बी सांगायलाव?’’

प्रश्न रास्त होता. वर्णपट, तरंगलांबी वगैरे फळ्यावर काढलं असतं तर अर्धा वर्ग झोपला असता. शिपाईमामांकडून चादर आणली, दोघांना ती आडवी धरायला लावली. तिच्यामागे वर्गातला सगळ्यात थोराड पोरगा आणि सगळ्यात बुटका, दोघांची फुगडी. वरून थोराडाचं डोकंच तेवढं दिसत होतं. ते किंचित पुढं यायचं, मागं जायचं. वर्ग ओरडून फेरे मोजू लागला. बुटका कुणालाच दिसत नव्हता, तरी एक फेरा किती वेळाचा ते सगळ्यांना कळलं. संतमसाच्या ओढीनं बिभाही अशीच डुलते, सेकंदाला साधारण २०० मीटर वेगानं आपल्याकडे येते, मग लांब जाते. येताना तिचा प्रकाश जरासा निळ्याकडे सरकतो, जाताना तांबड्याकडे. दुर्बिणीला जोडलेलं यंत्र तेवढंच टिपतं.

थोराड घेरी येऊन खाली बसला. एवढ्यात पहिल्या बाकावरची एक एरवी गप्प असणारी मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, आपण छतावरून बघितलं असतं तर? डोकं पुढं-मागं आलंच नसतं की.’’

हा मुद्दा मी सातवीला जड म्हणून मुद्दाम गाळला होता. कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे हे ठाऊक नसेल, तर डुलण्यावरून ग्रहाचं कमीत कमी वस्तुमानच कळतं. तिलाच खडू दिला. फळ्यावरच्या ‘दीडपट’च्या आधी तिनं ‘निदान’ लिहिलं.