म्हणजे हे अमर?

मी नक्की काय काम करते हे सासरच्या लोकांना मला अजून नीट सांगता आलेलं नाही. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटच्या आसपास नऊ एचओए, म्हणजे घरमालकांच्या सोसायट्या (होमओनर्स असोसिएशन), माझ्याकडे आहेत. 'सोसायटीची मॅनेजर' म्हटलं की त्यांना वाटतं, ही पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवते. तेही ठेवते म्हणा. पण निम्मा दिवस बायलॉज वाचण्यात आणि ते लोकांच्या गळी उतरवण्यात जातो.

डिसेंबर २०२३ मध्ये ९६ टाउनहाउसेसची एक असोसिएशन माझ्या गळ्यात पडली. नवी फाईल आली की मी आधी तीन कागद काढते: बायलॉज, विम्याची पॉलिसी आणि गेल्या वार्षिक सभेचे मिनिट्स. मिनिट्स सापडले ते ऑक्टोबर २०२२ चे. बायलॉजप्रमाणे वार्षिक सभा, आणि तिच्यातच बोर्डाची म्हणजे कमिटीची निवडणूक, दर ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी. २०२३ चा तो मंगळवार, १० तारखेचा, कुणाच्या गावीही नसताना येऊन गेला होता.

कसं झालं असणार ते मला तिथेच कळलं. बाहेरच्यांना वाटतं, निवडणूक म्हणजे एका संध्याकाळचं काम. उमेदवारीची मुदत संपायच्या तीस दिवस आधी एक नोटीस, बॅलट पाठवायच्या तीस दिवस आधी दुसरी, आणि बॅलट गेल्यावर मतमोजणीपर्यंत आणखी तीस दिवस. म्हणजे ऑक्टोबरच्या सभेची तयारी जुलै लागताच. माझ्या आधीचा मॅनेजर जूनमध्ये सोडून गेला आणि आमच्या कंपनीने ही फाईल 'तात्पुरती' अशा मुलीकडे सरकवली, जिच्याकडे आधीच चौदा होत्या. तिला मी काही बोलले नाही. बोलायचं होतं ते वरच्यांना, तेही राहिलं.

बोर्डावर पाच जण, मुदत दोन वर्षं, आलटून पालटून: एका वर्षी तीन जागा, पुढच्या वर्षी दोन. २०२३ मध्ये तिघांची मुदत संपलेली, आणि तिघेही खुर्चीवर. त्यांनी नोव्हेंबरात मेंटेनन्स १८ टक्क्यांनी वाढवलाही होता. (अठराच का, तर वीस टक्क्यांच्या वर गेलं की सभासदांचं मत घ्यावं लागतं.)

जानेवारीच्या बोर्ड मीटिंगमध्ये ओपन फोरमला, म्हणजे रहिवाशांना बोलायला, प्रत्येकी तीन मिनिटं दिली होती. पहिल्या रांगेतून एक काका उठले. हाफ स्वेटर, त्यावर जाकीट, हातात प्लास्टिकचं फोल्डर. सुरुवात इंग्रजीत केली, मग माझ्या पाटीवरचं आडनाव वाचलं आणि सरळ मराठीत आले.

"मॅडम, या तिघांची मुदत ऑक्टोबरात संपली. मग नोव्हेंबरात पैसे वाढवले ते कुणी?"

सगळ्यांना कळावं म्हणून मी इंग्रजीत उत्तर दिलं. कॅलिफोर्नियाच्या कॉर्पोरेशन्स कोडचं कलम ७२२०: मुदत संपली तरी जागी दुसरा निवडून येईपर्यंत संचालक पदावर राहतो. सभा चुकल्याने बोर्ड बरखास्त होत नाही, आणि तेवढ्या कारणाने ठराव रद्द होत नाहीत. हे उत्तर बरोबर होतं आणि आजही आहे. छप्पर गळतंय तर चेकवर सही करायला कुणीतरी लागतंच. अख्खं बोर्ड रिकामं झालं तर कारभार बघायला कोर्टाकडून रिसीव्हर येऊ शकतो, आणि त्याचं बिलही घरमालकांनीच भरायचं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. फोल्डर मिटलं.

"म्हणजे निवडणूक घेतलीच नाही, तर हे अमर?"

मराठी कळणारे तीन-चार जण हसले. प्रेसिडेंटने विचारलं, काय म्हणाले. मी सांगितलं. तोही हसला आणि म्हणाला, मग घाई कसली, छपरांचं काम उन्हाळ्यात आटपू दे, निवडणुकीचं नंतर बघू. माणूस वाईट नाही. पण आधार त्याने माझ्याच वाक्याचा घेतला होता, आणि ते मला अजून सलतं.

कारण मी अर्धंच सांगितलं होतं. त्याच कोडात ७५१० आहे: ठरलेल्या तारखेनंतर साठ दिवसांत सभा झाली नाही, तर सभासद सुपीरियर कोर्टात जाऊ शकतो आणि कोर्ट सभा घ्यायला लावू शकतं. साठ दिवस ९ डिसेंबरलाच भरले होते. मला ते माहीत होतं. बोर्ड आपलं गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाच्या तोंडावर कोर्टाचा रस्ता दाखवायचा नसतो, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पार्किंगमध्ये काकांनी गाठलं. डोंबिवलीत अकरा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते. आता मॅडमवरून 'अगं'वर आले.

"अगं, आमच्याकडे तीस सप्टेंबरच्या आत एजीएम म्हणजे एजीएम. कमिटीची पाच वर्षं संपली की संपली, मग उपनिबंधक प्रशासक आणून बसवतो. इथला उपनिबंधक कुठे बसतो?"

इथे उपनिबंधकच नाही, काका. एचओएवर देखरेख ठेवणारं खातंच नाही या राज्यात. शेजाऱ्यांनी उठायचं, नाहीतर कोर्टाची पायरी चढायची. आणि मग गाडीची किल्ली शोधता शोधता मी सांगून टाकलं, की पाच टक्के सभासदांनी लेखी मागितलं तर विशेष सभा बोलवावीच लागते. ९६ घरांत पाच सह्या पुरतात.

तीन आठवड्यांनी काका एकतीस सह्या घेऊन ऑफिसात हजर. "पाच-सहा बाद झाल्या तर? आपण असू द्यात जास्त."

सह्या मालकांच्या यादीशी ताडून बघाव्या लागतात. चार भाडेकरूंच्या निघाल्या. आणि कागदावरची पहिलीच, सगळ्यांत ठसठशीत, देवनागरीतली सही काकांची. घर मुलाच्या नावावर. काका सभासदच नव्हते. मी त्या सहीवर पेन्सिलने रेघ मारली, अगदी फिकट. सव्वीस उरल्या, त्यामुळे काकांना कळवायची वेळ आली नाही. म्हणजे मी आणली नाही.

सभा लागली ११ जून २०२४ ला. त्याआधी वकिलाला विचारावं लागलं, की जूनमध्ये निवडून येणाऱ्यांची दोन वर्षं कुठून मोजायची? त्याचं मत पडलं, ऑक्टोबर २०२३ पासूनच. जुन्यांनी जास्त बसून घेतलेले महिने नव्यांच्या मुदतीतून जातात, नाहीतर तीन आणि दोनचं गणित कोलमडतं. या दोन ओळींचं बिल किती आलं ते इथे लिहीत नाही.

मतमोजणी बघायला लोक येत नाहीत, यायला हवं. आतल्या पाकिटावर नाव नाही, सही नाही. बाहेरच्यावर डाव्या कोपऱ्यात नाव, पत्ता आणि सही. निवडणुकीच्या इन्स्पेक्टर बाई आधी नुसती बाहेरची पाकिटं मोजतात. आमचा कोरम, म्हणजे किमान इतकी पाकिटं आली तरच निवडणूक होते तो आकडा, ४९. बाईंनी दहा-दहाचे गठ्ठे लावले. चार गठ्ठे झाले आणि वर एक. एक्केचाळीस. न उघडता सगळी परत पेटीत.

पहिल्या रांगेत काका ओठ हलवत मोजत होते. जवळ येऊन म्हणाले, "आमच्या घरचं आहे ना त्यात?"

बाईंसमोर कुणाची पाकिटं आली त्याची यादी होती. मी बघितली. नव्हतं.

"टाकलंय म्हणाला होता," काका म्हणाले. "पोस्टात अडकलं असेल."

त्याच वर्षापासून एक नवी सोय झाली आहे. कोरम भरला नाही तर किमान वीस दिवसांनी पुन्हा सभा घेता येते, आणि संचालकांच्या निवडीपुरता कोरम वीस टक्क्यांवर येतो. मात्र तसं वाक्य आधीच्या नोटिशीत असावं लागतं. मी ते घातलं होतं. 'आधीच अपशकुन कशाला?' असं बोर्डावरचा एक जण म्हणालाही होता. ९ जुलैला वीस पाकिटं पुरली असती, पेटीत चव्वेचाळीस निघाली. जुन्यांपैकी दोघे परत आले, एक बाई नवीन. तिघांचीही मुदत ऑक्टोबर २०२५ पर्यंत. काकांच्या घरचं पाकीट आलं का, ते या वेळी मी यादीत बघितलं नाही.

उरलेल्या दोन जागांची निवडणूक ८ ऑक्टोबरला. १० जुलैला सकाळी आठ वाजता मी उमेदवारीची नोटीस काढायला बसले, तेवढ्यात फोन वाजला. काकांचा मेसेज.

"आजपासून बरोब्बर ९० दिवस. नोटीस गेली का?"